एकशे बासष्ट पाट्या आणि एक सासू

त्या मोठ्या दवाखान्यात एकशे बासष्ट पाट्या होत्या आणि एकूण एक पाटी पेंटरबाईंच्या हातची होती. इथे उभे राहा, तिकडे वळा, चपला बाहेर काढा, बाळ झोपलंय, दार हळू लावा. बावीस वर्षं हजारो माणसं त्यांचं ऐकत आली होती. पेशंट ऐकायचे, डॉक्टर ऐकायचे, एखादा हवालदार आला तर तोही बूट कुठे काढायचे ते पाटी वाचून ठरवायचा. आणि घरी? घरी बाईंचं ऐकणारं कुणी नव्हतं. एक मांजर होतं, पण ते सासूबाईंचं होतं.

सासूबाईंचा एक शब्द होता, ‘पाहिजे’. लेकी बोले सुने लागे म्हणतात. सासूबाईंना लेक नव्हती, त्यामुळे त्या भिंतीशी बोलायच्या. ‘पाणी भरून ठेवलं पाहिजे,’ असं त्या भिंतीला सांगायच्या आणि भिंत काही उठायची नाही. कुणी भरायचं हे त्या वाक्यात कुठेच नसायचं, आणि तरी ते घरातल्या सगळ्यांना ठाऊक असायचं. लग्न होऊन आल्यावर पहिल्या आठवड्यात बाईंना वाटलं, काय गरीब स्वभावाची सासू मिळाली, कधी काम म्हणून सांगत नाही. दुसऱ्या आठवड्यात डोक्यात प्रकाश पडला.

मग हळूहळू त्या बोलण्याचे कंगोरे कळत गेले. ‘पाहिजे’ म्हणजे आज, दिवे लागायच्या आत. ‘करावं म्हणते’ म्हणजे त्यांचं ठरवून झालंय, आता फक्त तुमचं करायचं राहिलंय. ‘करायला नको का?’ म्हणजे ते कालच व्हायला हवं होतं. ‘केलं असतं तर बरं झालं असतं’ म्हणजे भांडण. आणि ‘मला मेलीला काय, असंही चालतंय,’ हे ऐकू आलं की हातातलं टाकून धावायचं. मुलाशी बोलताना मात्र हाच शब्द लोण्यासारखा मऊ व्हायचा. ‘तुला काय पाहिजे रे?’ मुलाला पाहिजे म्हणजे मुलाला मिळायचं. सुनेनं केलं पाहिजे म्हणजे सुनेला करायला लागायचं. शब्द तोच, पण माणसाला ‘ला’ लागला की तो बसायचा आणि ‘नं’ लागला की उठायचा. सरळ ‘कर’ असं सासूबाईंनी सुनेला कधी म्हणून म्हटलं नाही. ‘कर’ म्हणायचं तर समोरच्या माणसाकडे बघावं लागतं.

मुलगा त्याच दवाखान्यात पेंटर होता. कसल्याशा तापानं चार दिवसांत गेला. ज्या वॉर्डच्या दारावर त्यानं स्वतः ‘गडबड करू नये’ असं रंगवलं होतं, त्याच वॉर्डमध्ये गेला, आणि त्या दिवशी कुणी गडबड केली नाही. त्याच्या जागी नोकरी बायकोला मिळाली. आता बायकोला ब्रश कुठल्या बाजूनं धरतात हेसुद्धा माहीत नव्हतं. धुलाई विभागाच्या मागे एक पत्र्याची खोली होती, तिथे बसून ती जुन्या पत्र्यावर रोज ‘नये, नये, नये’ गिरवायची. सहा महिने ‘नये’ची मात्रा शेजारच्या अक्षरावर जाऊन पडायची. सुतार यायचा, बघायचा, आणि काही न बोलता तिच्यासाठी आणखी एक पत्रा कापून ठेवायचा.

घरी तर त्याहून वाईट. मुलगा गेला त्या दिवसापासून सासूबाई बोलायच्याच थांबल्या. भिंतीशीसुद्धा नाही. खाटेवर बसून राहायच्या, वाढलं तर दोन घास खायच्या. कुणी ‘पाहिजे’ म्हणेना. बाईंनी आयुष्यभर त्या शब्दाच्या नावानं बोटं मोडली होती, पण खरं सांगायचं तर आता त्याच्यावाचून त्यांना घर खायला उठलं होतं.

सातव्या महिन्यात बाईंना पहिली पाटी मिळाली. ऑफिसातून चिठ्ठी आली, त्यावर मजकूर: ‘येथे थुंकू नये. थुंकणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल.’ बाईंनी तीन दिवस खपून ती रंगवली, जिन्याच्या कोपऱ्यात लावली. चौथ्या दिवशी कुणीतरी बरोबर ‘नये’वर थुंकलं. असा नेम की ‘येथे थुंकू’ तेवढं स्वच्छ राहिलं होतं. बाई घरी आल्या आणि चूल पेटवता पेटवता रडायला लागल्या. सांगायचं कुणाला? त्यांनीही भिंतीलाच सांगितलं.

“असं लिहिल्यावर थुंकणारच की,” खाटेवरून आवाज आला. “पुसतं कोण तिथे?”

सात महिन्यांनी निघालेला आवाज, गंजल्यासारखा. बाईंच्या हातातली काडी विझली. एक झाडूवाली पुसते, त्या म्हणाल्या, तिचे गुडघे फार दुखतात.

“मग तेच लिहावं. इथे रोज एक बाई गुडघे टेकून पुसते. बास. पुढे काही लिहायला नको.”

बाईंनी तेच लिहिलं. आता त्या पाटीनं माणसं सुधारली असं सांगितलं तर तुम्ही सांगणाऱ्यालाच वेड्यात काढाल. तसं काही झालं नाही. थुंकणारे चार पावलं पुढे जाऊन पुढच्या कोपऱ्यात थुंकायला लागले. पण तो कोपरा मात्र स्वच्छ राहिला, आणि झाडूवालीनं पेंटरबाईंना आपल्या डब्याच्या झाकणात चहा ओतून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कामावर निघाल्या तेव्हा सासूबाई भिंतीला म्हणाल्या, आज काहीतरी कागद आणला पाहिजे.

तिथून सुरुवात झाली. ऑफिसातून नव्या पाटीची, नाहीतर जुनी पुन्हा रंगवायची चिठ्ठी आली की बाई ती पदराआड घरी आणायच्या. संध्याकाळी सासूबाई खाटेवर, मांडीवर मांजर, समोर चहा. बाई मजकूर वाचायच्या. सासूबाईंना अक्षर ओळखता येत नव्हतं, पण वाक्याची नाडी त्यांना वैद्यापेक्षा चांगली कळायची. त्यांचे प्रश्न ठरलेले. हे कुणाला सांगायचंय? आणि तो आजपर्यंत का ऐकत नाहीये? मग डोळे मिटून बसायच्या, आणि चहा संपेपर्यंत पाटी तयार.

केसपेपरच्या खिडकीसाठी ऑफिसनं दिलं होतं, ‘सर्वांनी रांगेत उभे राहिले पाहिजे, अन्यथा बाहेर काढण्यात येईल.’ सासूबाईंनी सांगितलं, ‘तुमच्या पुढचाही आजारीच आहे. खिडकी एकपर्यंत उघडी आहे.’ खिडकीवरचा कारकून साडेबाराला खिडकी लावून घ्यायचा. बाईंनी त्याला जाऊन सांगितलं की दादा, पाटी तर लागली, आता काय करायचं बघा. दादांनी पाटीला शिव्या घातल्या आणि एकपर्यंत बसायला लागले. लिफ्टजवळ ‘रुग्णांखेरीज इतरांनी जिन्याचा वापर केला पाहिजे’ असं यायचं होतं, तिथे आलं, ‘जिना चढता येतोय? नशीबवान आहात. उजवीकडे आहे.’ रक्त तपासायच्या खोलीबाहेर: ‘घोटभर चहासुद्धा प्यायला असाल तर आत्ताच सांगा. रक्त सांगणारच आहे.’ ‘शांतता राखा’च्या जागी ‘हळू बोला, सगळे ऐकतायत’ आलं, आणि ज्या बाकावर दिवसभर शेजाऱ्यापाजाऱ्यांची उणीदुणी चालायची, तो बाक एकदम देवमाणसांचा झाला. ऑपरेशनच्या खोलीशेजारी डॉक्टरांनी हात धुतले पाहिजेत अशी सूचना होती. तिचं सासूबाईंनी केलं, ‘डॉक्टर, आई बघतेय असं समजून हात धुवा.’

बावीस वर्षांत हे वरच्यांच्या लक्षात कसं नाही आलं? सोपं आहे. नियम होता. पाटी लागली की विभागप्रमुखानं जागेवर येऊन, चिठ्ठीशी ताडून, चिठ्ठीच्या मागच्या ‘मजकूर पडताळला, बरोबर आहे’ या शिक्क्याखाली सही करायची. प्रमुख यायचे. मान तिरकी करून पाटी सरळ लागलीय का बघायचे. रंग ओला आहे का, असं विचारून बोट लावायचे. मग सही करायचे आणि बोट पुसत निघून जायचे. पाटी वाचायची ती पेशंटनं, साहेबानं कशाला? खालच्या लोकांना सगळं माहीत होतं आणि त्यांची अळीमिळी गुपचिळी होती.

मग आले नवे साहेब. दवाखान्याचा सगळा कारभार त्यांच्याकडे. माणूस वाईट नव्हता हो, पण त्यांना वाचायची सवय होती. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरसुद्धा चष्मा वर करून वाचायचे. आणि बोलण्यात ‘च’ फार. झालंच पाहिजे, आलेच पाहिजेत, मला आजच पाहिजे. आठ दिवसांत लोकांनी त्यांचं नाव ‘चसाहेब’ ठेवलं. सगळ्या पाट्या एकसारख्या छापून घ्यायच्या असं त्यांच्या मनात आलं, म्हणून जुन्या चिठ्ठ्यांची फाईल मागवली, आणि फाईल काखेत मारून पाट्या बघत फिरले. एकशे बासष्टपैकी फाईलशी जुळलेल्या पाट्या किती? एक. ‘बाहेर’.

बाईंना बोलावणं आलं. साहेबांनी विचारलं की हा काय प्रकार आहे, दवाखान्याच्या भिंतीवर डॉक्टरांची आई कशाला येते? मग म्हणाले, दंड होईल, नोकरी जाईल, हे सरकारी मजकुरात केलेले बदल आहेत. तेव्हा बाईंनी हळूच सांगितलं की साहेब, चिठ्ठ्यांच्या मागची बाजू एकदा बघून घ्या. साहेबांनी फाईल उलटी केली. बावीस वर्षांतल्या सगळ्या विभागप्रमुखांच्या सह्या. मजकूर पडताळला, बरोबर आहे. मजकूर पडताळला, बरोबर आहे. त्यातले दोघं आता साहेबांचे साहेब होते. आणि सगळ्यात शेवटच्या तीन चिठ्ठ्यांवर, वळणदार, खाली दोन टिंबं दिलेली सही कुणाची, तर खुद्द चसाहेबांची. आल्याआल्या गडबडीत त्यांनीही फक्त रंग ओला आहे का एवढंच बघितलं होतं.

त्यामुळे नोकरी वाचली. आपलेच दात, आपलेच ओठ. पण दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला: सर्व पाट्या महिन्याभरात मूळ मजकुराप्रमाणे रंगविण्यात याव्यात. त्यानंतर पाट्या छापून घेण्यात येतील व सदर कर्मचाऱ्यास धुलाई विभागात चादरी मोजण्याच्या कामी पाठविण्यात येत आहे. मजकूर कुणी बदलला, या प्रश्नाला बाईंनी ‘मीच’ असं सांगितलं होतं. सासूचं नाव सांगितलं तर ऐंशीच्या घरातल्या म्हातारीला हे लोक ऑफिसात बोलावतील, अशी त्यांना भीती.

चादरी मोजायला बाईंची ना नव्हती. हात थरथरेपर्यंत ब्रश धरायला मिळावा अशी आस होती, ती गेली, त्याचं वाईट वाटलंच. पण खरी भीती निराळी होती. उद्यापासून संध्याकाळी घरी काय घेऊन जायचं? आज चारशे बारा चादरी आल्या, सहा फाटक्या, असं सांगायचं? त्यावर सासूबाई काय बोलणार? काहीच नाही. आणि ते ‘काहीच नाही’ बाईंनी सात महिने ऐकलेलं होतं. ते पुन्हा ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

म्हणून त्यांनी लबाडी केली. दोन दिवस जुन्याच चिठ्ठ्या नव्या म्हणून वाचून दाखवल्या. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि भिंतीला सांगितलं की ही चिठ्ठी पाच वर्षांपूर्वीची आहे, तेव्हा कपाला दांडी होती. मग सगळं सांगावं लागलं. सासूबाई बराच वेळ मांजराचे कान कुरवाळत बसल्या. बाईंना वाटलं, झालं, बसली आता वाचा. पण थोड्या वेळानं त्यांच्या गालाला एक बारीकशी खळी पडली. साहेब म्हणतोय तसंच करायचं, त्या म्हणाल्या, शब्दाला शब्द. वेलांटी इकडची तिकडे व्हायला नको.

बाईंनी तसंच केलं. रोज सहा पाट्या. पहिल्या आठवड्यात जिन्याचा कोपरा रंगला. दुसऱ्या आठवड्यात केसपेपरच्या रांगेत दोन व्याही एकमेकांच्या अंगावर धावून गेले, आणि खिडकीवरच्या दादांनी साडेबाराला खिडकी लावून घेतली, कारण ‘एकपर्यंत’ असं आता पाटीवर नव्हतं. लिफ्टमध्ये चौदा धडधाकट माणसं अडकली. त्यातला एकही पेशंट नव्हता, पण बाहेर निघाल्यावर दोघांना दाखल करून घ्यावं लागलं. हे सगळं पाटीमुळेच झालं असं नाही. खालचे लोकही रुसले होते, कुणी पुढे होऊन काही सांगत नव्हतं. पण पूर्वी माणूस पाटीपाशी थांबायचा, वाचायचा, शेजारच्याला कोपरानं ढोसून हसायचा आणि मग मुकाट्यानं ऐकायचा. आता कुणी थांबतच नव्हतं.

साहेबांनी हुकमाचा सूर चढवला. ‘पाहिजे’चं ‘पाहिजेच’ केलं. मग त्याच्या आधी ‘सक्त’ घातलं. मग ती अक्षरं लाल करायला सांगितली, मग मोठी. बाई चकार शब्द न काढता सांगितलेलं रंगवत राहिल्या. भांडारात लाल रंग संपला. लोकांनी लाल अक्षरांना पाठ टेकून डबे उघडायला सुरुवात केली. पालथ्या घड्यावर पाणी.

इथपर्यंत गंमत होती. पण मुलांच्या वॉर्डमध्ये गोवर शिरला. हात मोडून आलेल्या, पोट दुखतं म्हणून आलेल्या पोरांना तिथे येऊन गोवर झाला, कारण भेटायला आलेल्या बाया सहा वाजता घरी जातच नव्हत्या. एकेका खाटेशी तीन तीन. ‘सहा वाजता वॉर्ड रिकामा झालाच पाहिजे’ ही पाटी दारावर होती, दाराच्या आत होती, खिडकीवरही होती. साहेब स्वतः दारात उभे राहिले. ओरडले. एक आजी त्यांच्यापेक्षा चांगलं ओरडली. गोवर झालेली पोरं आता अकरा झाली होती, त्यातल्या एकीला धाप लागली होती, आणि साहेबांची झोप उडाली होती.

बदलीला चार दिवस राहिले असताना साहेब पत्र्याच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आत यावं की नाही, अशा विचारात. ते म्हणाले, मुलांच्या वॉर्डसाठी एक पाटी पाहिजे होती, तुम्ही पूर्वी लिहायचा तशी. बाईंनी ब्रश पुसला. आता राहिलंय काय जायचं, असा विचार केला आणि खरं ते सांगून टाकलं.

“तशी मला येत नाही साहेब. मी नुसती रंगवते. सांगतात आमच्या सासूबाई.”

रविवारी दुपारी साहेब तीन जिने चढून बाईंच्या दोन खोल्यांच्या घरी आले. सासूबाई धुतलेले कपडे घालून खाटेवर बसल्या होत्या. घरात खुर्ची एकच, तिच्यावर मांजर. सासूबाईंनी भिंतीकडे बघून सांगितलं की मांजर उठवलं पाहिजे. बाई सवयीनं उठल्या, पण त्यांच्या आधी साहेब वाकले, दोन्ही हातांनी मांजर उचललं आणि कुठे ठेवायचं ते न कळून तसेच उभे राहिले. बाईंनी तोंडाला पदर लावला. हा शब्द दुसऱ्या कुणाला लागू पडताना त्यांनी जन्मात पहिल्यांदा बघितला होता.

साहेबांनी मांजर मांडीवर घेऊन सगळं सांगितलं. सासूबाईंनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला: त्या बाया का जात नाहीत? साहेब म्हणाले, शिस्त नाही म्हणून. सासूबाई म्हणाल्या, ते मी नाही विचारलं. साहेब म्हणाले, हट्टीपणा. सासूबाईंनी मान हलवली. मग साहेबांनी कबूल केलं की माहीत नाही.

“मग विचारून या,” सासूबाई म्हणाल्या. “उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर म्हणायचं शेळ्या ऐकत नाहीत.”

एवढा मोठा साहेब, आल्या पावली परत गेला. बाईंना वाटलं, आता चार दिवसही गेले, उद्याच चादरी. पण सोमवारी संध्याकाळी साहेब पुन्हा तीन जिने चढून आले. पँटच्या गुडघ्यांना फरशीची धूळ होती. ते वॉर्डमध्ये खाली बसून तेवीस बायांशी बोलले होते. सगळ्यांचं एकच सांगणं होतं. सहाला घरी गेलं की सकाळी दहापर्यंत पोराचं काय झालं ते कुणी सांगत नाही. ताप उतरला का, रात्री रडलं का, दूध प्यायलं का. खिडकीवर विचारायला गेलं तर तिथे पाटी, ‘अनावश्यक चौकशी करू नये.’ ती पाटी वाचून दाखवताना साहेबांचा आवाज जरा खाली गेला. ती त्यांच्याच हुकमानं परत आली होती.

सासूबाईंनी डोळे मिटले. चहा अर्धा व्हायच्या आत उघडले. बाईंनी पेन्सिल घेतली.

“सहाला घरी जा. बाळाची रात्र कशी गेली, ते सकाळी सातला सिस्टर दारात येऊन प्रत्येकीला सांगेल.”

साहेब म्हणाले की छान आहे, पण मग सिस्टरला खरंच सातला दारात यावं लागेल. त्यासाठी सगळी पाळी बदलावी लागेल, एक माणूस जास्त लागेल, मेट्रनशी भांडावं लागेल.

“मग?” सासूबाई म्हणाल्या. “सगळं त्या बायांनीच करायचं होय?”

साहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, ठीक आहे, उद्यापासून. चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली, मांजर खाली सोडलं आणि निघता निघता बाईंना म्हणाले की तुमच्या बदलीचं बघू. ‘बघू’ म्हणजे काय, ते बाईंना बावीस वर्षांच्या नोकरीत चांगलं कळलेलं होतं. हुकूम वर गेला आहे, फिरवायचा कुणी, असा त्याचा अर्थ. त्यांनी साहेबांचा कप उचलला.

सासूबाईंनी भिंतीकडे तोंड वळवलं. आता त्या भिंतीला काहीतरी सुनावणार, असं बाईंना वाटलं. पण त्या थांबल्या. मग सावकाश मान वळवून त्यांनी सरळ साहेबांच्या तोंडाकडे बघितलं.

“मुलगा गेला तेव्हा मी सात महिने बोलले नाही,” त्या म्हणाल्या. “बोलावं असं काही उरलंच नव्हतं. मग ही माझी सून चिठ्ठी घेऊन यायला लागली. रोज बसते आणि विचारते, आई, हे कसं म्हणायचं? ही विचारते म्हणून मी सकाळी उठते. तिला चादरी मोजायला पाठवू नका. मी तुमच्यासमोर हात जोडते.”

आणि त्यांनी खरंच हात जोडले. पेंटरबाई कप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. बावीस वर्षं त्यांना वाटत आलं होतं की सासूबाई आपल्याला चालवून घेतात, मुलाच्या मागे राहिलेली एक सून म्हणून. संध्याकाळची त्या वाट बघत असतील, हे बाईंच्या मनाला कधी शिवलं नव्हतं. त्यांनी मोरीकडे तोंड फिरवलं, पण डोळे भरायचे ते भरलेच.

साहेब परत खुर्चीवर बसले. कागद मागितला, पेन काढलं आणि लिहून वाचून दाखवलं: ‘सदर कर्मचाऱ्याची बदली रद्द करण्यात येत आहे.’

“कोण करतंय?” सासूबाईंनी विचारलं.

“म्हणजे… मीच.”

“मग तसं लिहा की.”

साहेबांनी ओळ खोडली. पुन्हा लिहिलं, सही केली, खाली दोन टिंबं दिली, तारीख घातली. वर काय उत्तर द्यायचं ते मी देईन, असं स्वतःशीच म्हणाले. सासूबाईंनी कागद घेतला, उलटसुलट करून बघितला आणि सुनेपुढे धरला.

“वाच गं.”

बाईंनी कप खाली ठेवला आणि वाचलं. ‘पेंटरबाईंची बदली मी रद्द करतो. त्या पाट्याच रंगवतील.’ शेवटचे दोन शब्द त्यांनी घाईनं वाचले आणि तारीख वाचायची राहूनच गेली.

“पुन्हा वाच,” सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी पुन्हा वाचलं.